सात घोडेस्वार आणि एक पत्र

खारीत राहून थंडीवर बोलायचं म्हणजे थोडं धाडसच आहे. खाडीवरून दोन दिवस गार वारा सुटला की आपण कपाटातून मफलर काढतो आणि तिसऱ्या दिवशी पंखा लावतो. तरीसुद्धा मागच्या खेपेला आपण इथेच बसून रॉबर्ट फ्रॉस्ट या अमेरिकन कवीची १९२३ साली प्रसिद्ध झालेली बर्फातली कविता वाचली. हिवाळ्याची संध्याकाळ, रानात बर्फ पडतोय, एक माणूस घोडागाडी थांबवून ते बघत उभा राहतो. त्याला तिथेच थांबावंसं वाटतं, पण दिलेले शब्द पाळायचे असतात म्हणून तो पुढे निघतो. पंडित नेहरूंच्या अखेरच्या दिवसांत त्या कवितेच्या शेवटच्या ओळी त्यांच्याच अक्षरात लिहिलेल्या त्यांच्याजवळ होत्या, तेही आपण बोललो.

व्याख्यान संपल्यावर एक बाई थांबल्या. शिक्षिका आहेत. त्यांनी विचारलं, "सर, निसर्ग, कर्तव्य आणि थंडीतला प्रवास, असं तिन्ही एकत्र असलेलं मराठीत काही आहे का?" आम्ही म्हटलं, बघतो. त्या लगेच म्हणाल्या, "मला एक सुचतंय. माझा मुलगा सातवीत आहे. कुसुमाग्रजांची सात वीरांची कविता पाठ करत होता. मध्येच थांबला आणि म्हणाला, आई, त्यांना कुणी अडवलं का नाही?"

आम्हाला त्या वेळी उत्तर देता आलं नाही. आजचं व्याख्यान म्हणजे त्या मुलाला उशिरा दिलेलं उत्तर समजा. आम्ही इतिहासाचे प्राध्यापक नाही, आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. त्यामुळे कागद काय सांगतात ते आधी नीट पाहू आणि मगच कर्तव्याबद्दल बोलू. क्रम उलटा केला की घोटाळे होतात.

आता ही हिवाळ्यातली कविता कशी, असं कुणी विचारेल. प्रतापराव गुजर नेसरीला पडले ती तिथी माघ वद्य चतुर्दशी, शके १५९५, म्हणजे महाशिवरात्र. इंग्रजी तारीख २४ फेब्रुवारी १६७४ अशी दिली जाते. ती जुन्या, ज्युलियन पंचांगाची आहे. आजच्या कॅलेंडरने ६ मार्च येते. माघ आणि फाल्गुन हे आपले शिशिराचे महिने. आपल्याकडे शिशिरात बर्फ नसतो, पानगळ असते. घटप्रभेच्या खोऱ्यात त्या दिवसांत गवत पिवळं पडलेलं, ओढे आटत आलेले आणि घोडा दौडला की धूळ उठणारी. फ्रॉस्टच्या कवितेत जे काम बर्फ करतो, ते इथे धूळ करते.

आता गोष्ट. तिची सुरुवात आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात आहे. ६ मार्च १६७३ रोजी कोंडाजी फर्जंदाने मोजक्या साठ माणसांनिशी पन्हाळा घेतला. विजापूर दरबाराने बहलोलखानाला मोठी फौज देऊन धाडलं. सरनोबत होते प्रतापराव. मूळ नाव कुडतोजी, साताऱ्याकडच्या खटाव भागातल्या भोसरे गावचे. साल्हेरचा विजय नुकताच, १६७२चा, त्यांच्या नावावर होता. एप्रिलमध्ये त्यांनी खानाला उमराणीला गाठलं. हे उमराणी आज सांगली जिल्ह्यात, जत तालुक्यात आहे. तो दुष्काळी मुलूख, त्यात ऐन उन्हाळा. मराठ्यांनी खानाच्या फौजेचं पाणी तोडलं. दिवसभर लढाई झाली आणि खान कोंडीत सापडला.

मग खानाचा निरोप आला. त्याचा आशय असा, की आम्ही पातशहाच्या हुकमाने आलो, तुमच्याशी आमचं वैर नाही, यापुढे तुमच्यावर चालून येणार नाही. प्रतापरावांनी त्याला वाट दिली.

इथे आपण जरा थांबू. शाळेत हा प्रसंग 'प्रतापरावांची चूक' म्हणून शिकवतात. राजकारण म्हणून चूक होतीच. खान शब्द पाळणारा नव्हता, हे पुढे दिसलं. पण त्या माणसाने नेमकं काय केलं? तहानेने हैराण झालेली हजारो माणसं आणि जनावरं समोर होती, शरण येतो म्हणत होती, त्यांना त्याने मारलं नाही. त्याच्या सगळ्या आयुष्यात आम्हाला सर्वांत जवळची वाटते ती हीच कृती, आणि ठपका आला तो नेमका हिच्यावर.

सभासद बखर सांगते, की महाराज रागावले. सला कशासाठी केला, असा जाब विचारला. पुढे खान पुन्हा चालून आला तेव्हा लिहून पाठवलं, की याला बुडवून फत्ते केल्याशिवाय आम्हाला तोंड दाखवू नका. त्या मूळ पत्राचा कागद आज आपल्यापुढे नाही. जे आहे ते बखरीतलं आणि नंतरच्यांनी सांगितलेलं. तरीही पत्राचा गाभा खरा मानायला हरकत नाही, आणि त्याचं कारण पुढे सांगतो.

आता नेसरी. गडहिंग्लज तालुक्यातलं हे गाव. तिथे नक्की काय झालं, याचा सर्वांत जवळचा कागद मराठी दरबाराचा नाही, मुंबईकर इंग्रजांच्या दप्तरातला आहे. इंग्रजांच्या वतीने बोलणी करणारे नारायण शेणवी रायगडाकडे होते. त्यांनी ४ एप्रिल १६७४ रोजी, म्हणजे घटनेनंतर सहा आठवड्यांच्या आत, मुंबईला पत्र पाठवलं. त्यात बातमी आहे, की दोन डोंगरांमधल्या अरुंद वाटेत प्रतापराव सहा स्वारांसह मारले गेले, बाकीचं सैन्य त्यांच्या मागे आलं नाही.

सहा आणि एक, सात. ज्या आकड्याने महाराष्ट्राला तीनशे वर्षांनंतर गाणं म्हणायला लावलं, तो एका व्यवहारी बातमीपत्रात असा कोरडा येऊन बसलाय. त्या पत्रात सहा जणांची नावं नाहीत. परंपरेने जी नावं सांगतात ती नंतरची आहेत, त्यांवर वाद आहेत; आज त्यात शिरत नाही. नावं माहीत नसली म्हणून माणसं खोटी ठरत नाहीत.

कविता आणि कागद यांत एक फरक मात्र लक्षात घ्या. कुसुमाग्रजांचे सात वीर शत्रूच्या छावणीत थेट घुसतात. शेणव्यांच्या पत्रात छावणी नाही, अरुंद वाट आहे. छावणीत घुसणं हा निर्णय असतो. अरुंद वाटेत गाठलं जाणं हा निर्णय असेल, घाई असेल, चुकलेला अंदाजही असेल. कवीने निर्णय निवडला. तो त्याचा अधिकार आहे. आपण फक्त एवढं लक्षात ठेवायचं, की वेड हा कवीचा शब्द आहे, नारायण शेणव्यांचा नाही.

ही कविता नीट वाचली तर तिचे तीन भाग दिसतात. पहिला भाग माणसांचा आणि कागदाचा: पत्र येतं, त्याचं एकेक अक्षर काळीज जाळत जातं. दुसरा भाग दौडीचा. आणि इथे निसर्ग यायला लागतो: धुळीचे ढग, समुद्रात पडणाऱ्या उल्का, वणव्यात जळणारे पक्षी. तिसऱ्या भागात माणसं उरतच नाहीत. दगड, ओढा, क्षितिज आणि वारा एवढेच उरतात आणि त्यांच्यावर झाल्या गोष्टीच्या खुणा. फ्रॉस्टच्या कवितेत निसर्ग माणसाला थांब म्हणतो आणि कर्तव्य त्याला पुढे नेतं. इथे निसर्ग कुणाला थांबवत नाही, माणसं गेल्यावर तो त्यांची आठवण धरून बसतो. फ्रॉस्टचा प्रवासी घरी पोचला असेल, असं आपण धरून चालतो. आपले सात जण पोचत नाहीत, म्हणून त्यांच्या जागी ओढ्याला बोलावं लागतं.

अशी कविता केवळ आपल्याकडेच आहे असं नाही. २५ ऑक्टोबर १८५४ रोजी क्रिमियात, बालाक्लाव्हाच्या लढाईत, एक घाईत लिहिलेली लेखी आज्ञा खाली पोचली. ती चुकीच्या तोफखान्याबद्दल समजली गेली आणि साडेसहाशेच्या वर ब्रिटिश घोडेस्वार तीन बाजूंनी तोफा असलेल्या खोऱ्यात दौडत गेले. वर्तमानपत्रातली हकिगत वाचून टेनिसनने कविता लिहिली, ती त्याच वर्षी ९ डिसेंबरला छापून आली. तिथेही घोडेस्वार आहेत आणि एक कागद आहे. पण टेनिसनने दोष कुणाचा हे चटकन बाजूला ठेवलं, शिपायांनी विचारायचं नसतं असं म्हटलं आणि गौरवाकडे वळला. कुसुमाग्रजांनी पत्र कवितेच्या दारातच ठेवलंय. ते ओलांडल्याशिवाय आत जाता येत नाही.

आता आमच्या विषयाकडे येतो. ही दौड कर्तव्य होती का?

अॅरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरच्या त्याच्या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात शौर्याची चर्चा केली आहे. शौर्यासारख्या दिसणाऱ्या पाच गोष्टी तो सांगतो. त्यातली पहिली म्हणजे लोक काय म्हणतील, मान जाईल, या जाणिवेतून आलेलं धाडस. उदाहरण ट्रॉयच्या हेक्टरचं देतो. हे धाडस खऱ्या शौर्याच्या सर्वांत जवळचं आहे, कारण त्यात लाज आहे आणि लाज ही चांगली गोष्ट आहे, असं तो म्हणतो. जवळचं म्हणतो, तेच आहे असं म्हणत नाही.

कांट आणखी कडक आहे. १७८५च्या त्याच्या पुस्तकात एक उदाहरण येतं. एका दुःखी माणसाला जगण्यात काही गोडी उरलेली नाही, मरण आलं तर बरं असं त्याला वाटतं, तरी तो जीव सांभाळतो. प्रेमापोटी नाही, भीतीपोटी नाही, फक्त कर्तव्य म्हणून. कांटच्या लेखी या जगण्याला नैतिक मोल आहे. त्या हिशेबाने विचारलं तर सरनोबताचं कर्तव्य काय होतं? बहलोलखानाला रोखणं. त्यासाठी सैन्य हवं आणि सैन्याला सेनापती हवा. सेनापतीने सहा माणसं घेऊन सुटणं हे आज्ञेचं पालन नव्हे. फत्ते करा, असं पत्रात होतं. मरा, असं नव्हतं.

पण इथे आम्ही स्वतःलाच टोकतो. सतराव्या शतकातल्या शिपाईगड्याला जर्मन प्राध्यापकाची पट्टी लावणं सोपं आहे. त्याच्याकडे 'कर्तव्य' हा शब्द आजच्या अर्थाने नव्हता. त्याच्याकडे इमान होतं आणि मीठ होतं. खाल्ल्या मिठाला जागणं. खारीत हे वेगळं समजावून सांगायला नको. या गावाचं नावच मिठाचं आहे. इथल्या म्हाताऱ्या मंडळींनी खाडीचं पाणी वाफ्यांत घेतलंय, ते उन्हात आटताना पाहिलंय, टाचा फुटेपर्यंत मीठ ओढलंय. मीठ फुकट येत नाही हे ज्याला माहीत आहे, त्यालाच मिठाला जागणं म्हणजे काय ते कळतं. प्रतापरावांनी खाल्लेलं मीठ एका पत्रात परत मागितलं गेलं. त्यांनी जमेल तेवढ्या लवकर परत केलं. घाई झाली, असं आपण म्हणू शकतो. खोटेपणा झाला, असं म्हणता येत नाही.

आता ते कारण सांगतो, पत्राचा गाभा खरा का मानायचा ते. सभासद बखरीत प्रतापराव पडल्याची बातमी आल्यावर महाराज फार कष्टी झाले, आपली एक बाजू पडली असं म्हणाले, असं येतं. आणि पुढे, फत्ते न करता तोंड दाखवू नका असं आपणच लिहून पाठवलं होतं, त्याने ते शब्द खरे केले, अशा अर्थाचं बोलतात. स्तुती करायला लिहिलेल्या ग्रंथात राजाच्या तोंडी आपल्याच शब्दांची अशी आठवण कुणी उगाच घालत नाही.

आणखी एक धागा आहे. कृष्णाजी अनंत सभासदाने ही बखर १६९७ साली जिंजीला लिहिली, राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून. राजारामांचं पहिलं लग्न मार्च १६८०मध्ये रायगडावर झालं. वधू होती जानकीबाई, प्रतापराव गुजरांची मुलगी. लग्नानंतर काही आठवड्यांतच, ३ एप्रिलला, शिवाजी महाराज गेले. म्हणजे नेसरीनंतर सहा वर्षांनी महाराजांनी आपल्या हयातीतल्या या शेवटच्या मोठ्या मंगलकार्यात प्रतापरावांची लेक सून म्हणून घरात आणली. आणि ज्याच्या आज्ञेने बखर लिहिली गेली, तो प्रतापरावांचा जावई होता. दरबारी सोयरिकीला राजकीय अर्थ असतातच. पण आम्ही जेव्हा जेव्हा हे वाचतो, तेव्हा वाटतं, की त्या पत्राला हे उत्तर होतं. ज्याला तोंड दाखवू नकोस म्हटलं, त्याच्या मुलीला सन्मानाने उंबरठ्याच्या आत घेतलं.

इथे थोडं स्वतःबद्दल बोलतो, माफ करा. पण हे न सांगता पुढे गेलो तर व्याख्यान अर्धं राहील. बरीच वर्षं झाली. आमच्याकडे एक विद्यार्थी पीएच.डी. करत होते. नोकरी सांभाळून, लोकलने येऊन-जाऊन अभ्यास करायचे. तिसरं प्रकरण रखडलं होतं. दोनदा मुदत दिली, दोनदा गेली. त्यांनी अर्धंमुर्धं लिहून आणलेले कागद आम्ही समासात शेरा मारून परत दिले: प्रकरण पूर्ण झाल्याशिवाय भेटायला येऊ नये. खाली सही केली. शिस्त लावली, असं समाधानही वाटलं.

ते आले नाहीत. आम्हीही कळवलं नाही. घरी त्यांची मोठी अडचण होती, हे पुढे दुसऱ्याकडून कळलं. त्यांनी सांगितली नव्हती आणि आम्ही विचारली नव्हती. काही वर्षांनी भाईंदर स्टेशनच्या पुलावर भेटले. गर्दीत वाकून नमस्कार केला. म्हणाले, "सर, तुम्ही लिहिलं होतं ते बरोबरच होतं." संशोधन त्यांनी त्याच महिन्यात सोडलं होतं. गाडी आली, ते गेले. त्या वाक्यात कुठेही तक्रार नव्हती, आणि आम्हाला आजवर ऐकाव्या लागलेल्या वाक्यांत ते सर्वांत जड आहे.

तुलना करायची नाही. कुठे ते आणि कुठे आम्ही. पण इमानी माणसाला लिहिताना किती जपून लिहावं लागतं, ते आम्हाला पुस्तकांतून नाही, त्या पुलावर कळलं. बेइमान माणसाला कितीही कठोर लिहा, तो खुशाल राहतो. इमानी माणूस तुमचा शब्द अक्षरशः घेतो.

आता एक विचारतो. आनंदरावांचं नाव किती जणांनी ऐकलंय? हात वर करा. दोन. बरं. प्रतापराव पडले तेव्हा ज्यांनी ते बिनसेनापतीचं सैन्य सावरलं, ते हे आनंदराव. नारायण शेणव्यांच्या त्याच पत्रात त्यांचा उल्लेख आहे. प्रतापरावांच्या जागी त्यांना नेमलं आणि त्यांनाही विजयाशिवाय जिवंत परत येऊ नका, असा हुकूम गेला. जवळजवळ तेच शब्द! म्हणजे दुःख होतं, पण युद्ध थांबलेलं नव्हतं. आनंदरावांनी काय केलं? सैन्य एकत्र ठेवलं, खाली कर्नाटकात उतरले आणि बेळगावकडच्या संपगावची बाजारपेठ लुटून शत्रूला हिसका दिला. पुढे हंसाजी मोहिते 'हंबीरराव' या किताबाने सरनोबत झाले. ६ जून १६७४ला रायगडावर राज्याभिषेक झाला. नेसरीपासून साडेतीन महिनेही झाले नव्हते.

तोच हुकूम एकाला खिंडीत घेऊन गेला, दुसऱ्याला सैन्यासह पुढे घेऊन गेला. नेसरीच्या खिंडीत आज स्मारक आहे आणि ते असायलाच हवं. १९७४ साली राज्याभिषेकाला तीनशे वर्षं झाली तेव्हा 'शिवकल्याण राजा'मध्ये हृदयनाथ मंगेशकरांच्या चालीवर लताबाईंनी ही कविता गायली आणि ती घराघरांत गेली. ते ऐकताना आजही आमच्या अंगावर काटा येतो, आणि तो का येतो याचं स्पष्टीकरण आम्हाला कांटमध्ये सापडलेलं नाही. पण त्या सकाळी, धूळ खाली बसल्यावर, मागे उभ्या राहिलेल्या हजारो शिपायांसमोर कुणीतरी आलं, घोडी मोजली, जखमींची सोय लावली आणि उद्या कुठे जायचं ते सांगितलं. ते कामही कर्तव्यच होतं. फ्रॉस्टच्या गाडीवाल्याचं कर्तव्य या जातीचं आहे: बघून झालं, आता निघायला हवं, काम पडलंय.

आता त्या मुलाचा प्रश्न. त्यांना कुणी अडवलं का नाही?

बाळ, ज्यांना अडवता आलं असतं ते तीन ठिकाणी होते. पत्र लिहिणारे लांब होते आणि पत्र परत बोलावता येत नाही. सैन्य थक्क होऊन मागे राहिलं. उरले सहा जण, सगळ्यांत जवळचे. त्यांनी अडवलं नाही, कारण त्यांना त्यांचा सरदार एकटा जायला नको होता. यातलं कुणीच वाईट नव्हतं. चांगली माणसं भोवती असूनसुद्धा कधीकधी कुणी कुणाला अडवत नाही, हे तुला या वयात कळलंय. कविता पाठ कर, मोठ्याने म्हण. आणि जिथे थांबला होतास, तिथे दर वेळी थोडा थांबत जा.

बाई आज आल्या आहेत, मागे बसल्या आहेत. त्यांनी हे घरी सांगावं. मुलाला पटलं नाही तर त्याला पुढच्या वेळी घेऊन याव्यात. त्याचं म्हणणं आम्हाला ऐकायचं आहे.